आजीच्या फोटोतली निळी लोकर

आजी खिडकीशी विणत बसली होती तेव्हा काढलेला एक फोटो बरेच दिवस तसाच पडून होता. रंगीत ठीक होता पण मागे फुलाफुलांचा पडदा, रंगीबेरंगी उशा, नजर एका जागी थांबेचना, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला. पसारा एकदम शांत झाला, हातावरच्या सुरकुत्या काय सुंदर दिसायला लागल्या, पण मांडीवरचा निळ्या लोकरीचा गुंडा गायब! मरून साडीत पार मिसळून गेला.

असं होतं कारण रंगाचा करडा करताना तिन्ही रंगांचा वाटा सारखा धरत नाहीत, नेहमीच्या हिशोबात हिरवा साधारण 59 टक्के, लाल 30 आणि निळा फक्त 11, आपल्या डोळ्यांना उजेड तसाच कमीजास्त जाणवतो म्हणून. त्यामुळे गडद निळा आणि मरून समोर ठेवले तर किती वेगळे, पण करड्यात जवळजवळ एकच. मी फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइट लेयरमधला (फोटोवर टाकलेला, खालचे रंग करडे दाखवणारा थर) निळ्याचा स्लायडर वर नेऊन लोकर उजळवून पाहिली पण तिथे दाणेदार नॉइज आला, लोकरीचा मऊपणाच गेला. तेव्हा ठरवलं की इथे रंग ठेवायचा.

सिलेक्टिव्ह कलर, म्हणजे बाकी सगळा फोटो करडा आणि एखाद्याच गोष्टीला रंग, मला एरवी फारसा आवडत नाही हे सांगूनच टाकते. लग्नाच्या फोटोत फक्त गुलाब लाल किंवा बाळाचे फक्त डोळे निळे, तिथे फोटो आधीच पुरा असतो, रंग उगाच ओरडतो. माझं मत असं की आधी पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, काही हरवलं नसेल तर तिथेच थांबा. हौस मात्र जुनी आहे बरं का, 1839 मध्ये डॅगेरोटाइप, म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातलं फोटो काढायचं तंत्र, जगासमोर आलं आणि थोड्याच वर्षांत लोक बारीक ब्रशने त्यातल्या गालांना गुलाबी रंग लावायला लागले होते.

तर आधी सोपी पद्धत केली, लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये निळा सोडून बाकी सगळ्या रंगांचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) -100. आणि आजीचे पांढरे केस निळसर दिसायला लागले! खिडकीतला आकाशाचा उजेड निळसर असतो, तो पांढऱ्यावर आणि सावलीत उतरतो, रंगीत फोटोत लक्षात येत नाही, इथे लगेच येतं. (लाल ठेवायचा असेल तर त्याहून कठीण, ओठ, गाल, बोटांची टोकं सगळीकडे लाल असतोच.) म्हणून मग फोटोशॉपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाकला आणि त्याच्या मास्कवर काळ्या ब्रशने फक्त लोकर रंगवत गेले, काळं केलं तिथे खालचा रंग दिसतो, चुकलं तर पांढऱ्याने परत झाकायचं, मूळ फोटोला धक्का लागत नाही. ब्रशची कड मऊ ठेवली कारण लोकरीला तंतू असतात, कडक कडेने कात्रीने कापल्यासारखं दिसतं. करड्याच्या शेजारी रंग आहे त्याहून भडक वाटतो म्हणून लोकरीचं सॅच्युरेशन पण जरा उतरवलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गुंड्यापासून सुईपर्यंत जाणाऱ्या एका धाग्यावर. नुसता गुंडा निळा ठेवला तर तो वरून चिकटवल्यासारखा दिसत होता, धागा निळा केला तर विणून झालेला भागही निळाच हवा, लोकर तीच ना! मग लक्षात आलं की आजीच्या तळहातावरही लोकरीची किंचित निळी झाक पडलीये आणि ती मी करडी करून टाकली होती. 25 टक्के ओपॅसिटीच्या, म्हणजे एका फटक्यात अगदी थोडाच परिणाम करणाऱ्या ब्रशने ती हळूहळू परत आणली, आणि तेव्हा कुठे गुंडा खरंच तिच्या हातात आला.