कूलर मोठा करून दे म्हणाला, आणि सापडलं भलतंच

टेक्सासमधल्या एका छोट्या एअरपोर्टवर मी मेकॅनिक आहे. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे सेसना नाहीतर पायपर, कॉम्प्रेशन बघा, मॅग्नेटो बघा, सही ठोका. त्यात हे आलं, घरी बांधलेलं दोन सीटचं विमान आणि नाकात माझदा आरएक्स-७ या गाडीतलं १३बी रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते. मालक रिटायर्ड इंजिनिअर. अजून उड्डाण नाही, पण टॅक्सी करतानाच, म्हणजे जमिनीवर चालवतानाच ऑइल तापतंय, तेवढा ऑइलचा कूलर मोठा करून दे म्हणाला.

या इंजिनात ऑइल नुसतं वंगणाचं काम करत नाही, रोटर आतून थंड ठेवतं ते ऑइलच. आणि पंपातून निघालेलं ऑइल आधी कूलरला, मग फिल्टरला, मग बेअरिंगला, म्हणजे कूलरची लाइन फाटली की सगळं ऑइल बाहेर आणि तुम्ही शेत शोधायला लागा. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, एक्झॉस्ट व्हॉल्व नाहीच, त्यामुळे तिथला पाइप लालभडक होतो. शहाणा माणूस ऑइलच्या लाइन पलीकडच्या, स्पार्क प्लगच्या बाजूने नेतो. याने एक लाइन एक्झॉस्टच्या बाजूने आणलेली, कारण कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये ती सगळ्यात आखूड पडत होती.

काम मात्र देखणं, उगाच नावं ठेवणार नाही. डॅश-टेन मापाचा, वरून स्टेनलेसची जाळी असलेला होज (लवचिक पाइप), त्यावर फायरस्लीव्ह, म्हणजे आगीपासून वाचवणारी खोळ, निळी फिटिंग्ज, रेषेत रेषा. फक्त होज अगदी मापात कापलेला. प्रेशर आलं की होजची लांबी बदलते, बहुतेक वेळा आखडतोच, म्हणून एफएएच्या (अमेरिकेचं विमान खातं) मेंटेनन्सच्या पुस्तकात ५ ते ८ टक्के ढील ठेवा असं लिहिलंय, पण वाचतो कोण.

मी फोन झिपटायने इंजिन माउंटला, म्हणजे इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याला बांधला, व्हिडिओ चालू केला आणि त्याला स्टार्ट करायला सांगितलं. स्टार्टला इंजिन रबरांवर एका अंगाला कलतं, होज ताणला जातो आणि माउंटच्या नळीवर घासत सरकतो, बंद करताना परत तेच. बंद विमानात दोघांमध्ये बोट जाईल एवढी फट! स्लीव्ह मागे सरकवून बघितलं तर ती आतल्या बाजूने फाटलेली, जाळी उघडी, आणि नळीवर रंग उडून नख अडकेल एवढी खाच. ती जाळी म्हणजे कानसच, आज नळी खाते, उद्या स्वतःच्या तारा तुटून आतला होज उघडा पडतो.

या विमानाला उडायचं सर्टिफिकेट मिळालेलं होतं बरं का. तपासणाऱ्या साहेबांनी प्लॅकार्ड (आतल्या सूचनांच्या पट्ट्या) आणि कागद अगदी बारकाईने बघितले म्हणे.

मग मी लाइन प्लगच्या बाजूला नेली. इंजिनाला क्लॅम्प, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) क्लॅम्प, आणि मधे जिथे हलणारं-न हलणारं भेटतं तिथे मोकळा वळसा, दोन्हीकडून आवळायचा नाही. कूलरवरचे काटकोनी फिटिंग काढून लांब वळणाचे घातले, आणि घट्ट करताना एक पाना होजच्या बाजूला धरून, कारण होजवरची रेघ पिळली की होजही पिळलेलाच. म्हातारा बाजूला उभा राहून म्हणतो, वजन वाढलं. अहो, तुमच्या हेडफोनपेक्षा कमी असेल!

व्हिडिओ दाखवला तेव्हा मात्र बराच वेळ गप्प होता, मग परत परत मागे नेऊन बघत राहिला. मला त्याच्यापेक्षा जास्त ते ड्रॉइंग छळतंय. त्यात एकही चूक नव्हती, फक्त इंजिन बंद होतं.

आता विमान उडतंय, इंजिन सर्टिफाइड नाही म्हणून टेस्टचे ४० तास चालू आहेत. वर चढताना ऑइल अजून तापतंच, आणि हा परत आला, कूलर मोठा करून दे. मी म्हटलं आधी कूलरमागची हवा बाहेर पडायला वाट करा, नवा कूलर घेऊन हवा कुठे कोंबणार आहात? अजून मान्य केलेलं नाही.