आमची वाटचाल : आधी ओढा, मग भिंत

2012 साली मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी चिपळूणला मोजणीचं काम सुरू केलं. एक जुनं टोटल स्टेशन (जमीन मोजायचं यंत्र) आणि एक मोटारसायकल. प्लॉट पाडणं, रस्त्याच्या लेव्हली, फार्महाऊसचे नकाशे. सात वर्षं त्यावरच पोट भरलं.

2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. त्या खोऱ्यात आमच्या ओळखीची माणसं होती. त्यानंतर कुठलीही बांधाची भिंत नुसती मोजून परतणं आम्हाला जमेना.

पुढच्याच वर्षी एका रिसॉर्टमालकांनी तळ्याच्या मोजणीला बोलावलं. बोटिंगसाठी ओढ्यावर घातलेला मातीचा भराव, सात मीटर उंच, पाणी साधारण 60 हजार घनमीटर. म्हणजे दहा हजार लिटरचे सहा हजार टँकर. मी धरण म्हणालो तर ते म्हणाले, "साहेब, हे कसलं धरण? तळं आहे आमचं." कागदोपत्री त्यांचं खरंच होतं. पुढे 2021 चा धरण सुरक्षा कायदा आला, तोही 15 मीटरच्या वरच्या आणि काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटरच्या धरणांसाठी. म्हणजे अशा तळ्याकडे मालकाने स्वतः पाहिलं तरच कुणी पाहणार.

तेव्हापासून आम्ही अशा तळ्यांची पाहणी करून अहवालात धोक्याचा वर्ग लिहून देतो. हा वर्ग भिंत कशी आहे यावर ठरत नाही. ती फुटली तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. केंद्रीय जल आयोगाच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत असे चार वर्ग आहेत. भिंत अगदी ठणठणीत असली, तरी खाली घरं असतील तर वर्ग वरचाच. मालकांना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. "माझी भिंत चांगली असताना धोकादायक का लिहिता?" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो.

त्या रिसॉर्टच्या तळ्याच्या सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली होती. उन्हाळ्यातही बोटी चालाव्यात म्हणून पाणी अडवायला वर फळ्या ठोकल्या होत्या. जाळीत पालापाचोळा अडकून अर्धा सांडवा बंद. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या साउथ फोर्क धरणाच्या सांडव्यातही माशांसाठी अशाच जाळ्या होत्या. मालकी एका खासगी क्लबची, तलाव मासेमारीचा आणि नौकाविहाराचा. 31 मे 1889 ला पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं, खालच्या जॉन्सटाउन परिसरात 2,209 माणसं गेली. दगडी भिंत एखादवेळी तग धरेल, पण मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की तो काही तासांत कापला जातो. मी मालकांना हे सगळं तिथेच सांगितलं. फळ्या त्याच दुपारी निघाल्या, जाळी दुसऱ्या दिवशी.

आमच्याकडूनही चूक झाली आहे. एका अहवालात आम्ही जुन्या उपग्रह चित्रावरून "खाली वस्ती नाही" असं लिहिलं. दीड वर्षाने गेलो, तर ओढ्याकाठी वीटभट्टीच्या मजुरांच्या आठ झोपड्या, पोरं पाण्यात खेळत होती. तो अहवाल आम्ही मागे घेतला आणि नवा पैसे न घेता करून दिला.

तेव्हापासून भिंतीवर जाण्याआधी आम्ही ओढ्याच्या काठाने चार किलोमीटर खाली चालतो, घरं मोजतो. दरवर्षी, मे महिन्यात. यंदा एका ठिकाणी नवा गोठा आणि शेजारी पत्र्याची खोली दिसली. आत एक आजी आणि तिची नात. संध्याकाळी तळ्याच्या मालकांना फोन केला आणि वर्ग बदलला.