चवळीवरचा पांढरा ठिपका

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उसळीसाठी चवळी भिजत घालावी म्हणून डबा उघडला, तेव्हा एकही भुंगा दिसला नाही; पण मूठभर दाणे ताटलीत घेऊन खिडकीशी नेल्यावर त्यांतल्या निम्म्या-अधिक लाल दाण्यांवर खसखशीहूनही बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले. पाण्यात चोळूनही ते निघाले नाहीत. एक ठिपका नखाने खरवडून काढला, तर त्याखाली सुईच्या टोकाएवढे छिद्र होते. डाळी-कडधान्ये मी पंचवीस वर्षे निवडते आहे, पण हा ठिपका म्हणजे नेमके काय, हे मला गेल्या दोन-तीन वर्षांतच समजले आणि तेव्हापासून घरातल्या किडींकडे पाहण्याची माझी पद्धत पुष्कळ बदलली.

हा ठिपका म्हणजे भुंग्याचे अंडे. मादी ते दाण्याच्या सालीवर चिकटवते. ताजे अंडे जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे सहसा दिसत नाही. अळी बाहेरच्या हवेत येतच नाही. अंड्याच्या तळातून ती थेट दाण्यात शिरते आणि पोखरताना निघणारा भुसा मागे रिकाम्या कवचात ढकलते. त्या भुशाने कवच पांढरे दिसू लागते. म्हणजे पांढरा ठिपका दिसला की अळी आत पोहोचलेली असते. पुढचे तीन-चार आठवडे ती दाणा आतून खाते, कोषात जाण्यापूर्वी सालीपर्यंत पोखरत येऊन एक गोल, पातळ खिडकी तयार ठेवते, आणि ती खिडकी उघडून भुंगा बाहेर पडतो. आपण ज्याला ‘भुंगा लागला’ म्हणतो, ती या गोष्टीची अखेर असते. बाहेर आलेला भुंगा साठवणीत काहीही खात नाही. आठवडा-दोन आठवडे जगतो आणि तेवढ्यात एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालू शकते. याची लागण पुष्कळदा शेतातच, शेंग वाळत असताना झालेली असते. त्यामुळे दुकानदाराला किंवा आपल्या डब्याला दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

हे एकदा कळले की आईच्या एरंडेल तेलाचे मर्मही कळते. कडधान्याला तेलाचा हात लावला की दाण्यावरच्या अंड्याचा श्वास कोंडतो आणि ते मरते. शिवाय गुळगुळीत दाण्यावर नवे अंडे नीट चिकटत नाही. किलोला चहाचा एक चमचा तेल पुरते, मात्र ते प्रत्येक दाण्याला लागेपर्यंत हाताने चोळावे लागते. आत शिरलेल्या अळीपर्यंत हे तेल पोहोचत नाही. म्हणूनच जुन्या बायका आधी कडक उन्हे देत आणि मग तेल लावत, हा क्रम उलटा करून चालत नाही. मी स्वतः आता आणखी एक पायरी घालते. आणलेले कडधान्य दोन-दोन किलोंच्या घट्ट बांधलेल्या पिशव्यांतून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता घरातल्या तापमानाला येऊ देते आणि मगच डब्यात भरते. पिशवी लगेच उघडली तर गार दाण्यांवर हवेतले पाणी धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. उणे अठरा अंशांवर चार दिवसांत अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळ्याच अवस्था मरतात, त्यामुळे पावसाळ्यात उन्हाची वाट पाहावी लागत नाही.

तांदळातल्या आणि गव्हातल्या टोक्यांचे असेच, पण ते अधिक चतुर. त्यांची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते; त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही आणि कितीही बारकाईने निवडले तरी किडका दाणा ओळखता येत नाही. इथेही ऊन, थंडी आणि कोरडेपणा हेच खरे उपाय आहेत. रवा, मैदा, बेसन यांना होणारे तांबूस किडे मात्र पिठातच अंडी घालतात. त्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रव्यामुळे पिठाला उग्र वास येतो. असे पीठ चाळून वापरावे असे मला वाटत नाही, ते टाकून द्यावे. आईच्या डब्यांत बिब्बेही असत. बिब्बा अंगावर उततो, लहान मुलांचे हात डब्यात जाणाऱ्या घरात तो नसावा, म्हणून मी ती पद्धत सोडली.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. वर्षाच्या धान्यात टाकण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही ठिकाणी अजूनही कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जातात. हवेतल्या दमटपणाने त्या गोळीतून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो, तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. घरगुती वापरासाठी तिच्या विक्रीला कायद्याने परवानगीही नाही. किडलेले दहा किलो गहू फेकून द्यावे लागले तरी चालतील, पण ही गोळी घरात येऊ देऊ नये.

आता झुरळांविषयी. चार वर्षांपूर्वी आमच्या डोंबिवलीच्या घरात बारकी झुरळे फार वाढली, तेव्हा आम्ही एका कंपनीला बोलावून सगळ्या स्वयंपाकघरात फवारणी करून घेतली. दोन दिवस घरात राहवत नव्हते, सासूबाईंचा दमा उसळला, आणि पंधरा दिवसांनी झुरळे स्वयंपाकघराबरोबर बाहेरच्या खोलीतही दिसू लागली. याचे कारण पुढे कळले. अशा बहुतेक फवाऱ्यांतले औषध झुरळांना लगेच जाणवते, ती त्यापासून दूर पळतात आणि फटींतून दुसऱ्या खोलीत जातात. शिवाय अंड्यांच्या कोशाला फवाऱ्याने काही होत नाही. बारक्या झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांचा तो चपटा तपकिरी कोश पिल्ले निघण्याच्या वेळेपर्यंत पोटाला धरून हिंडते, त्यामुळे एक मादी सुरक्षित फटीत राहिली तरी महिन्या-दीड महिन्यात आपण पुन्हा पहिल्या जागी येतो.

या बारक्या झुरळाला शास्त्रात जर्मन झुरळ म्हणतात. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतात. नाव जर्मन असले तरी त्याचा उगम आपल्याकडचा आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार, सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये मानवी वस्तीशी जुळवून घेताना ते आशियाई झुरळापासून वेगळे झाले. ते घराबाहेर, रानात टिकत नाही. माणसाच्या उबेवर आणि खरकट्यावरच जगणारा हा जीव आहे, आणि त्याला आवरण्याचा मार्गही त्यातूनच निघतो: आधी ते राहते कुठे हे शोधायचे.

रात्री अकरा वाजता दिवा न लावता विजेरी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा पहिल्याच रात्री जागा सापडल्या. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी, मिक्सरच्या बुडाखाली, ट्रॉलीच्या बिजागरीत आणि सिलिंडरच्या कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात चहाच्या भुकटीसारखी काळी विष्ठा सांडलेली होती. विष्ठा तिथे वस्ती, हे सूत्र मी पक्के धरले. त्या प्रत्येक जागी मसुराच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके लावले. जेल हे विष घातलेले खाद्य असते. ते खाऊन झुरळ लगेच मरत नाही, आपल्या फटीत परत जाते, आणि त्याची विष्ठा व प्रेत खाणारी पिल्लेही मरतात. म्हणूनच ज्या फटीपर्यंत आपला हात कधी पोहोचणार नाही, तिथेही जेल पोहोचते. त्याच्या आसपास फवारा मारला किंवा फिनेलने पुसले तर झुरळे त्याला तोंडच लावत नाहीत. कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्यांचे तत्त्व हेच आहे, फक्त त्या वाळल्या की बदलाव्या लागतात आणि मुलांच्या व मांजरांच्या वाटेबाहेर ठेवाव्या लागतात. एखादे जेल चालेनासे झाले तर दुसऱ्या प्रकारचे आणावे. 1993 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशी जर्मन झुरळे नोंदवली, की विषारी खाद्यातल्या ग्लुकोजलाच ती टाळू लागली होती.

सहा आठवड्यांत आमच्याकडची झुरळे जवळपास संपली. त्यानंतर ओट्यामागच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, आणि मेलेली झुरळे व विष्ठा ओल्या फडक्याने टिपून काढली. कारण त्यांचा वाळलेला चुराच दम्याच्या रोग्याला सर्वांत अधिक बाधतो. मोरीतून येणारे मोठे तांबडे झुरळ हे वेगळे प्रकरण आहे. ते गटारात राहते, म्हणून त्याला जाळी आणि रात्री झाकलेली मोरी पुरते.

डासांवर आणि मुंग्यांवर इथे लांबण लावत नाही. पाण्याची पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावीत, नुसती ओतून देऊ नयेत, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी टिकतात. आणि ज्या घरात तान्हे मूल आहे तिथे त्याच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात एका विकराची उपजत कमतरता असते आणि त्या वासाने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

वाळवीने मात्र आमचे खरे नुकसान केले. माहेरच्या घरी वडिलांच्या पुस्तकांचे कपाट भिंतीला अगदी टेकून होते. बाहेरून पुस्तके जशीच्या तशी दिसत होती. एक ओढले तेव्हा पुठ्ठा हातात आला आणि आत माती होती. कपाट पुढे ओढल्यावर मागे भिंतीवरून पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी चढलेली दिसली. वाळवीचे मऊ, पांढरे अंग उघड्या हवेत सुकते, म्हणून ती या नळीतूनच ये-जा करते. नळी खरवडून रॉकेल ओतले तर त्यातल्या चार-दोनशे मरतात, पण जमिनीखालचे वारूळ शाबूत राहते. त्यासाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूट-फूट अंतरावर छिद्रे पाडून आत औषध सोडावे लागते आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. आता तिथे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, विटांवर उभे आहे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांची वाळवी आली आणि सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर गळलेल्या पंखांचा खच दिसला, की आई विजेरी घेऊन त्या कपाटामागे पाहते आणि मला फोन करून सांगते.