कमरेतलं औषध छातीपर्यंत

एपिड्यूरल, म्हणजे पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडून दिलेली भूल. ती म्हणजे सुई नेमक्या जागी पोचवण्याचं कसब, असं बहुतेकांना वाटतं, सर्जन मंडळींनाही. सुई पोचल्यावर औषध कुठवर चढेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यातली केस. पांझरेकाठच्या गावातले आप्पा, वय ऐंशीच्या पुढे, खळ्यात घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. उंची जेमतेम पाच फूट, पाठीला बाक, इकोत हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. अशा हृदयाला स्पायनलच्या (आवरणाच्या आतल्या पाण्यात एकदम दिलेल्या भुलीच्या) एकाच डोसने धाडकन बीपी पडणं परवडत नाही, म्हणून एपिड्यूरलचा कॅथेटर (बारीक नळी) ठेवून थोडं थोडं औषध द्यायचं ठरवलं. सर्जनना ते रुचलं नाही. घड्याळाकडे बघत भूल द्यायला लावणं हा आमच्याकडचा जुना रोग आहे.

मोडक्या खुब्यावर माणसाला उठवून बसवणं म्हणजे छळच. म्हणून आधी जांघेत नसेचा ब्लॉक दिला, मग बसवलं. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून अठरा नंबरची टुओही (एपिड्यूरलची) सुई. वयाने कडक झालेल्या लिगामेंटमध्ये सिरिंज अंगठ्याला जराही दाद देत नव्हती. चार सेंटिमीटरवर एकदम सैल पडली आणि सलाइन सरकन आत गेलं, म्हणजे सुई एपिड्यूरलच्या जागेत पोचली. कॅथेटर चार सेंटिमीटर आत ठेवला. अ‍ॅड्रेनलिन घातलेल्या लिग्नोकेनचा ३ मिलीचा टेस्ट डोस दिला. नाडी वाढली नाही, पाय जड झाले नाहीत. म्हणजे कॅथेटर रक्तवाहिनीत नाही, मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातही नाही. मग बधिर करणारं बुपिव्हाकेन ४ मिली, दहा मिनिटं थांबून आणखी ४.

मोठ्या माणसात कमरेतून एका सेगमेंटला (कण्यातल्या नसांच्या एका जोडीच्या पट्ट्याला) एक ते दोन मिली लागतं, असा ढोबळ हिशेब. मला बेंबीपर्यंतची, म्हणजे टी-१० ची (छातीच्या दहाव्या नसेची) बधिरता पुरेशी होती. स्पिरिटचा बोळा फिरवला तर गारवा स्तनाग्राच्याही वर जाणवू लागत होता. आप्पा हळूच म्हणाले, "डॉक्टर, छातीवर कोनी तरी बसेल शे अस वाटस. हातलेबी मुंग्या ई ऱ्हायन्यात."

नाडी ४८, बीपी ८४. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसा टी-१ ते टी-४ मधून निघतात. त्या बधिर झाल्या की हेच होणार. ऑक्सिजन, नाडी वाढवायला अ‍ॅट्रोपिन, बीपी चढवायला मेफेन्टरमिन. त्यांचा हात हातात धरून मूठ आवळायला लावली, आकडे मोजायला लावले. मूठ घट्ट होती, आवाज शाबूत होता. वीस-एक मिनिटांत सगळं स्थिरावलं. पुढचं ऑपरेशन आणखी एक थेंबही न देता पार पडलं.

तेव्हापासून विचार करतोय. वय हे एक कारण आहेच. तरुणपणी मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून औषध बाहेर झिरपतं. वयानुसार ती छिद्रं अरुंद होतात, आतली चरबी कमी होते. फडातल्या चारीची बाजूची भोकं बुजली की तेवढंच पाणी पार शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं, तसं. उंची कमी, त्यात बाक. गरोदरपणातही कमी डोस लागतो, तिथे आतल्या फुगलेल्या शिरा जागा अडवतात. कुशीवर की उताणं, याने मात्र लोक समजतात तेवढा फरक पडत नाही.

पण हातापर्यंत मुंग्या? कॅथेटर ड्युराच्या (मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणाच्या) थरांमध्ये शिरला असेल, म्हणजे सबड्युरल झाला असेल, तर थोड्या औषधातही बधिरता उशिरा आणि खूप वर चढते. मात्र त्यात बधिरता बऱ्याचदा एकीकडे जास्त, एकीकडे कमी असते आणि पाय त्या मानाने हलत राहतात. आप्पांच्या दोन्ही बाजू सारख्या, पाय पूर्ण गळलेले. माझा कल वयाकडे; माझा एक मित्र सबड्युरलवर अडून बसलाय. कॅथेटरमधून एक्स-रेत दिसणारा डाय सोडून फोटो घेतला असता तर निकाल लागला असता. सी-आर्म हे एक्स-रे मशीन दोन हातांवर उभं होतं, पण डायची एक बाटली दवाखान्यात नव्हती! लाखांचं यंत्र घेणाऱ्यांना ती ठेवावीशी वाटत नाही, याचा मला अजून राग येतो.

डिस्चार्ज कार्डावर मी मराठीत लिहून दिलं: 'कमरेतून भूल देताना कमी औषधात बधिरता छातीच्या वर गेली होती. पुढे कधी गरज पडल्यास डोस फार थोडा, दर वेळी लेव्हल तपासूनच.' आणि मुलाला सांगितलं, "दादा, पुढे कुठल्याही ऑपरेशनला गेलात, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कार्ड आधी दाखवा."