तुम्ही विचारलंत म्हणून: मी तुमचा अँटीव्हायरस का काढतो

"लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तर ह्यांनी आतला अँटीव्हायरसच काढून टाकला. पैसे भरलेला होता!" ही तक्रार माझ्यापर्यंत रामबागेतून येते, टिळक नगरातून येते, सानंदच्या नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेतही येते. आपली मराठी मंडळी जरा संशयाने विचारतात, "का हो, काढलात का?" बाकीचे इंदूरकर सरळ म्हणतात, "भिया, कोई अच्छा सा डाल दो." दोघांनाही मी आजवर तुटक उत्तरं देत आलो. आता एकदा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी चहा तरी गरम मिळेल.

आधी एक खुलासा. सगळ्यांचा काढत नाही. मुदत संपलेला काढतो. लॅपटॉपबरोबर फुकट आलेला, दर तासाला कोपऱ्यातून लाल डोळे वटारणारा काढतो. आणि एकावर एक असे दोन घातलेले असले तर एक काढतोच, कारण दोघं एकमेकांनाच चोर समजतात आणि मशीन बैलगाडी होतं. पैसे भरलेला, मुदत शिल्लक असलेला मी विचारल्याशिवाय काढत नाही. काढला असं ज्यांना वाटतं, त्यांनी पावतीवरची तारीख बघावी. बहुतेकांनी ती लॅपटॉप घेतल्यापासून पाहिलेली नाही.

"मग आता उघडाच ठेवायचा का?" नाही. विंडोजमध्ये डिफेंडर असतो. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून तो अँटीव्हायरस म्हणून आतच बसवलेला येतो. तुम्ही बाहेरचा आणून बसवलात की हा बाजूला होतो, बाहेरचा काढलात की परत कामाला लागतो. पहिली काही वर्षं तो कच्चा होता हे मान्य. पण आता जर्मनीतल्या एव्ही-टेस्टच्या चाचण्यांत तो विकतच्यांच्या पंक्तीला बसतो. त्याचा दोष एकच: तो फुकट आहे, आणि फुकटच्या वस्तूवर आपला विश्वास बसत नाही.

मला माहीत आहे, इथे जुनी गिऱ्हाइकं हसतील. जेल रोडच्या गल्लीतल्या त्या खुराड्यात बसून हाच माणूस अँटीव्हायरसच्या सीड्या विकत होता. होतो ना. आणि त्या विकल्याची मला लाज वाटत नाही. २००८-१० चा तो काळ आठवा. पेन ड्राइव्ह लावायचा अवकाश, ऑटोरनने व्हायरस आपोआप आत. फोल्डरचं चित्र लावलेली 'न्यू फोल्डर' नावाची प्रोग्रॅम फाइल घरोघरी होती. खरे फोल्डर लपवून ती त्यांच्या जागी बसायची आणि तुम्ही विश्वासाने तिच्यावर डबल क्लिक करायचात. सायबर कॅफेतून रिझल्टची प्रिंट काढून आणली की पोराच्या पेन ड्राइव्हमधून पाहुणा घरी आलाच. मी काळ्या खिडकीत 'अ‍ॅट्रिब'ची कमांड मारून लपलेले फोल्डर परत दाखवले की लोक चमत्कार झाल्यासारखे बघायचे. त्या दिवसांत अँटीव्हायरस घ्या असं सांगणं बरोबरच होतं. मग मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं, २०११ च्या सुरुवातीला एक्सपी आणि व्हिस्टालाही तोच अपडेट पाठवला, आणि तो दरवाजा बऱ्यापैकी लागला. मी मात्र पुढेही काही वर्षं त्याच जुन्या भीतीवर सीड्या विकत राहिलो का? राहिलो असेन. दुकानाचं भाडं होतं. तेव्हाचा मी आजच्या मला म्हणेल, "तू सीड्यांच्या धंद्यातून उठलास म्हणून तत्त्वं सुचतायत." त्याला द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

पण माझं मत फिरलं ते चाचण्या वाचून नाही. लोकमान्य नगरातल्या एका घरी फिरलं.

घर कोणाचं ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील आणि त्यांनी गप्प बसावं. अण्णा म्हणू. त्यांच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं बैठका झाल्या. मोठ्या नावांच्या नाहीत. इंदूर, देवास, उज्जैनची घरगुती गाणारी माणसं, कोजागरीला, गुढीपाडव्याला, कधी नुसतंच रविवार म्हणून. अण्णा प्रत्येक बैठक कॅसेटवर घ्यायचे. निवृत्तीनंतर बसून त्यांनी सगळ्या कॅसेटा कॉम्प्युटरवर उतरवल्या, १२८च्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ मध्ये, जागा वाचते म्हणून. कुठली बैठक, कोण गायलं, साथीला कोण, ह्याची एक्सेलमध्ये यादी केली. कॅसेटांना बुरशी लागलीच होती, त्या काढून टाकल्या. नंतर अण्णा गेले.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये नातू आजीकडे अडकला. कॉलेजच्या कसल्याशा कामाला त्याला फोटो एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर हवं होतं, ते त्याने 'क्रॅक' करून दिलेलं कुठूनतरी उतरवलं. आता नीट ऐका. त्या कॉम्प्युटरमध्ये अँटीव्हायरस होता. विकतचा, मुदतीतला, तीन मशीनचं पॅक. त्याने त्या फाइलवर हरकतही घेतली. पण क्रॅकबरोबरच्या सूचनेत पहिलीच ओळ होती: आधी अँटीव्हायरस बंद करा, तो खोटा इशारा देतो. पोराने बंद केला. दारावर गुरखा ठेवायचा आणि पाहुणाच म्हणतो म्हणून त्याला घरी पाठवायचं, तसं झालं.

थोड्या वेळाने पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी आली. ती अपडेटची नव्हतीच. तिच्या आडून स्टॉप-डीजेव्हीयू नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, एकेक फाइल कुलूपबंद करत होता. बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क सीपीयूच्या मागे कायमची खोचलेली, तीही गेली. खिडकी बंद झाली तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरी शेपूट होतं आणि फोल्डराफोल्डरांत 'रीडमी' नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०.

मला बोलावलं तेव्हा अँटीव्हायरस परत सुरू झालेला होता. त्याने तो प्रोग्रॅम पकडून काढूनही टाकला होता, आणि पडद्यावर हिरवी बरोबरची खूण होती: तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे. ती हिरवी खूण मी विसरू शकत नाही. खोटी नव्हती ती. खरोखरच सुरक्षित होता, आत काही उरलं नव्हतं.

पैसे भरू नका, एवढं मी आधी सांगितलं. मग डिस्कची एक पूर्ण प्रत काढली, मूळ डिस्कला हात न लावता. ह्या रॅन्समवेअरसाठी एम्सिसॉफ्ट कंपनीचं कुलूप सोडवण्याचं टूल फुकट मिळतं, ऑक्टोबर २०१९ पासून. पण त्यात एक मेख आहे. हल्ल्याच्या वेळी रॅन्समवेअरला नेटवरून आपल्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो ठरलेली किल्ली वापरतो आणि ती कधीतरी हाती लागू शकते. बोलता आलं, तर प्रत्येक बळीला वेगळी किल्ली, आणि मग विषय संपला. सी ड्राइव्हवर 'सिस्टिमआयडी' फोल्डरमध्ये एक ओळखक्रमांक ठेवलेला असतो. त्याच्या शेवटी 'टी१' असेल तर आशा. मी फाइल उघडली. टी१ नव्हतं. त्या दुपारी लोकमान्य नगरात नेट अगदी झकास चालू होतं.

मग एक गोष्ट आठवली. हा चोर घाईतला असतो. पूर्ण फाइलला कुलूप घालत बसत नाही, सुरुवातीच्या साधारण १५० केबीलाच घालतो. छोट्या फाइली त्यात अख्ख्या जातात: अण्णांची एक्सेलची यादी, पत्रं, हिशेब. पण एमपी३ मोठी असते, आणि तिचे तुकडे सुटे सुटे वाजू शकतात. प्रतीवरच्या एका फाइलच्या नावाचं शेपूट उडवलं आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकली. क्षणभर खरखर, आणि मग तंबोरा. मी ओरडलोच. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून धावत आल्या. दुसरी लावली, वाजली. तिसरी वाजली. सगळं गाणं शाबूत होतं.

काकू उभ्या राहून ऐकत होत्या. चौथ्या-पाचव्या फाइलला म्हणाल्या, "अरे, ह्यांचं बोलणं कुठे गेलं?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. अण्णा रेकॉर्डचं बटण दाबले की आधी स्वतः बोलायचे. आज अमुक तिथी, घरीच, गायला अमुक, तबल्यावर तमुक, राग हा. मग मान हलवायचे आणि तंबोरा सुरू व्हायचा. हे प्रत्येक कॅसेटला.

१२८च्या एमपी३ मध्ये १५० केबी म्हणजे साडेनऊ सेकंद. मी त्यांना सेकंद सांगितले. त्या म्हणाल्या, "तेवढंच बोलायचे ते."

गाणी आहेत, पण कोणाची ते आता कोणी सांगू शकत नाही. यादी गेली आणि ती यादी तोंडी सांगणारा आवाजही गेला. काही गळे काकूंनी ओळखले, काही माझ्या वडिलांनी. बाकीच्या फाइलींवर नुसते आकडे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात अँटीव्हायरसचा काय दोष? त्याने तर हरकत घेतली होती. अगदी बरोबर. मीही स्वतःशी हेच भांडतो. डिफेंडर असता तर पोराने तोही बंद केला असता. माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे भरले ह्या समाधानात त्या घराने बाकीचं काहीच केलं नव्हतं. तुमच्या घरीही तसंच आहे, मी बघतो ना रोज. आजोबा, सून, नातू सगळे एकाच खात्यावर, आणि ते खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं. कुठल्याही बातमीच्या साइटने "नोटिफिकेशन पाठवू का?" विचारलं की होकार, मग तीच कोपऱ्यात "तुमच्या पीसीत पाच व्हायरस" असं ओरडते आणि तुम्ही घाबरून मला फोन करता. तो व्हायरस नसतो हो, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की थांबतं. आणि त्यातल्या नंबरवर फोन करून कुणाला एनीडेस्कने (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सॉफ्टवेअरने) आत घेतलंत, तर तिथे कुठलाच अँटीव्हायरस बोलत नाही, कारण दार तुम्ही उघडलेलं असतं. पैसे गेले तर मला नाही, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि लगेच करा.

म्हणून माझ्याकडून मशीन परत येतं तेव्हा त्यात दोन खाती असतात. रोजचं खातं साधं, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं, पासवर्डचं. विंडोजचे अपडेट उघडे. २०१७ च्या मे मधल्या वॉनाक्राय ह्या रॅन्समवेअरला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवला होता, तो न घेतलेले बुडाले. विंडोज १० वाल्यांचा तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा पाठिंबाच संपला, आणि जुन्या मशीनवर ११ चढत नाही. त्यांना काय सांगावं ह्यावर माझं मत दर महिन्याला बदलतं. रॅन्समवेअरपासून ठरावीक फोल्डर राखायची सोय डिफेंडरमध्ये आहे, पण ती मुळात बंद असते. मी चालू करून देतो, आणि लोक ती बंद करून मागतात, कारण टॅलीसुद्धा अडकते म्हणे.

साध्या खात्यामुळे अण्णांच्या फाइली बचावल्या असत्या का? नातवाचं खातं वेगळं असतं तर अण्णांच्या फोल्डरपर्यंत तो रॅन्समवेअर पोचला नसता, असं वाटतं. मागे खोचलेली डिस्क मात्र तरीही गेली असती. आणि पोराने आजीकडे पासवर्ड मागितला असता तर आजीने दिला असता. नातवाला कोण नाही म्हणतं? म्हणजे माझ्या उपायालाही भोक आहेच, आणि ते मी तुम्हाला दुकानात सांगत नाही, हेही खरं.

गेल्या दिवाळीआधी काकूंचा फोन आला. नवा लॅपटॉप घेतलाय, त्यात अँटीव्हायरस टाकून दे, मी पैसे भरून ठेवलेत, तीन वर्षांचे. मी म्हटलं, काकू, गरज नाही. त्या म्हणाल्या, "तुला नसेल, मला झोप येत नाही." मी जाऊन टाकून दिला. डिफेंडर बाजूला झाला. बॅकअपची डिस्क काढून कपाटात साड्यांमागे ठेवायला लावली, महिन्यातून एकदा लावायची, काम झालं की काढायची. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्यांनी माझ्यासमोर कालनिर्णयच्या पानावर लाल पेनने लिहिला, मोठ्या अक्षरात, नातवाला सापडेल असा.