मार्जिन मनीला पाच लाख कमी पडले तेव्हा

पिंपरी-चिंचवडमध्ये बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला, किंमत ४८ लाख. एवढ्या रकमेला बँक ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, म्हणजे ९ लाख ६० हजार आपले, तेच मार्जिन मनी. स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, म्हणून स्टॅम्प ड्यूटी ७ ऐवजी ६ टक्के लागली; तरी २ लाख ८८ हजार झालेच, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार. जीएसटी वेगळा. सगळी पुंजी धरून पाच लाख कमी पडत होते.

पर्सनल लोन फोनवर लगेच मिळत होतं. यांनी कागदावर हिशेब मांडला. पाच वर्षांसाठी पाच लाख घेतले तर हप्ता जवळपास अकरा हजार. वीस वर्षांच्या गृहकर्जात तेवढ्याच हप्त्यात साधारण बारा लाख मिळतात. चालू हप्ते पगारातून वजा करूनच बँक गृहकर्जाचा आकडा ठरवते. पाच लाखांपायी बारा लाखांवर पाणी सोडायचं? मला ते अजिबात पटलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पाटल्या घे. मोडू नकोस, तारण ठेव." माझे दागिनेही त्यात घातले. बँकेतल्या सराफाने प्रत्येक पाटली कसोटीवर घासली, आम्लाचा थेंब टाकून पाहिला, आणि मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचं वजन वेगळं वजा केलं. मुद्दल आणि व्याज वर्षाअखेरीस एकदम भरायची योजना मी मुद्दाम मागून घेतली, कारण तिला मासिक हप्ता नव्हता. उरलेले पैसे एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर काढले. तिथे व्याज सहा महिन्यांनी. दोन्ही कर्जं गृहकर्जाच्या अर्जात स्पष्ट लिहिली.

बिल्डरच्या ऑफिसात करार व्हायच्या आधीच २० टक्के मागितले. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा; त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे मी शांतपणे सांगितलं आणि ४ लाख ८० हजारांचाच चेक दिला. त्यांनी तो घेतला. ही अट प्रत्येक घर घेणाऱ्याला पाठ असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. उरलेलं मार्जिन रजिस्ट्रेशननंतर भरलं, पावत्या बँकेत दिल्या आणि मगच बँकेकडून गृहकर्जाच्या रकमेचा पहिला भाग बिल्डरला गेला.

यंदाच्या बोनसमधून पाटल्या सोडवल्या. पॉलिसीवरचं मुद्दल अजून फेडायचं आहे.