दोनशे सव्वीस की एकशे सव्वीस

“तुमच्या २२६वरचा घोडा आणि माझ्या २२६वरचा घोडा एक नाही. दोघांपैकी एकाचे नाणे चुकीचे असले पाहिजे.” जर्मनीतील एका संग्राहकांचे हे पत्र शनिवारी सकाळी आले आणि माझा तो पूर्ण दिवस त्यातच गेला.

प्रश्न पब्लियस क्रेपुसियसच्या डिनेरियसचा, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याचा होता. इ.स.पू. ८२ मध्ये, रोमन सेनापती सुल्लाचे यादवी युद्ध अखेरच्या टप्प्यावर असताना, रोमच्या टाकसाळीवर जे अधिकारी नेमलेले होते त्यांपैकी हा एक. त्याच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस अपोलोचे मस्तक असते, मस्तकामागे एक अक्षर आणि हनुवटीखाली एक लहानसे चिन्ह. मागील बाजूस भाला उगारलेला घोडेस्वार, त्याच्या पाठीमागे रोमन अक्षरांत लिहिलेला एक आकडा आणि तळाशी क्रेपुसियसचे नाव. त्याच वर्षी गायस मामिलियस लिमेटानसने काढलेले नाणे दिसायला कितीतरी देखणे आहे. त्यावर वीस वर्षांनी घरी परतलेला ग्रीक कथांमधला युलिसिस आणि त्याला ओळखणारा त्याचा म्हातारा कुत्रा आहे, त्यामुळे नवा संग्राहक आधी तेच घेतो. मला मात्र क्रेपुसियस अधिक जवळचा वाटतो, कारण त्याच्या नाण्यावर टाकसाळीचे रोजचे काम दिसते.

हे आकडे शोभेचे नव्हेत. मागील बाजूच्या प्रत्येक ठशावर वेगळा आकडा कोरलेला असे आणि ते आकडे एकापासून सुरू होऊन शेकड्यांत जातात. दर्शनी बाजूच्या ठशांवर अक्षर आणि चिन्ह यांची जोडी बदलत जाते. चार्ल्स हर्श यांनी १९५२ मध्ये या खुणांचा क्रम लावून दाखवला आणि पुढे १९७६ मध्ये थिओडोर बट्रे यांनी त्यावरून टाकसाळीतील कामाची रीत उलगडण्याचा प्रयत्न केला. एक आकडा म्हणजे एक ठसा, असा याचा सरळ अर्थ. तेव्हा २२६ आकड्याची दोन नाणी जगाच्या पाठीवर कुठेही असली, तरी त्यांवरचा घोडा तंतोतंत एकच असायला हवा. पत्रलेखकांचे म्हणणे म्हणूनच बिनतोड होते.

माझे नाणे मी अकरा वर्षांपूर्वी लंडनमधील एका विक्रेत्याकडून घेतले होते. सोबतच्या चिठ्ठीवर शाईने २२६ लिहिलेले होते आणि मीही माझ्या वहीत तेच उतरवून घेतले होते. दर्शनी बाजूचा आधार घेण्याची सोय नव्हती, कारण घाव मध्यापासून सरकल्याने हनुवटीखालचे चिन्ह नाण्याच्या कडेबाहेर गेले होते आणि मस्तकामागच्या अक्षराचा फक्त वरचा गोलावा उरला होता. ते पी म्हणावे की आर, हे सांगता येत नव्हते. सारी भिस्त मागच्या आकड्यावर होती.

पहिली शंका साहजिकच नाणे बनावट असण्याची आली. वजन केले, ते ३.८१ ग्रॅम भरले. तितक्या वापरलेल्या डिनेरियसला ते शोभणारे होते. कडेवर ओतकामाचा सांधा नव्हता. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून केलेली खोटी नाणी त्या काळीही चालत, पण अशा नाण्याचा पत्रा जिथे झिजतो तिथे हिरवट किंवा तांबूस डाग उघडा पडतो, आणि इथे सर्वात झिजलेल्या भागावर, म्हणजे घोड्याच्या मांडीवरही, चांदीच होती. नाणे खरे होते. तरीही घोडा जुळत नव्हता.

दुपारी मी दिवा टेबलावरून उचलून बाजूला, नाण्याच्या जवळजवळ पातळीवर ठेवला आणि भिंगातून आकडा एकेक अक्षर करून वाचू लागलो: सी, सी, एक्स, एक्स, व्ही, आय. वरून पडणाऱ्या प्रकाशात सहाही अक्षरे सारखीच दिसत होती. तिरप्या प्रकाशात मात्र पाच अक्षरांच्या सावल्या दिव्यापासून दूरच्या अंगाला पडल्या आणि पहिल्या सीची सावली त्याच्या आतच, दिव्याकडच्या काठाशी साचली. म्हणजे पाच अक्षरे पृष्ठभागावरून उठलेली होती आणि हा पहिला सी पृष्ठभागात उतरलेला होता.

माझ्या आजोबांचे सांगलीला सराफीचे दुकान होते. जुने रुपये मोडीत आले की ते त्यांवरच्या बारीक खुणांवरून अंगठ्याचे नख फिरवत आणि मलाही फिरवायला लावत. टाकसाळीची अक्षरे नखाला अडत, पारख करणाऱ्या सराफाने मारलेला छाप नखाखाली खड्ड्यासारखा लागे. रोमन नाण्याला मी नख लावणार नाही, पण फरक हाच होता. ठशात उलटे कोरलेले अक्षर नाण्यावर उठून येते. तयार नाण्यावर हातोडी आणि छिन्नीने नंतर मारलेली खूण आत रुतते. माझ्या नाण्यावरचा पहिला सी हे अक्षरच नव्हते. ती रोमन सराफाची चंद्रकोर होती.

प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळातील डिनेरियसवर अशा खुणा पुष्कळ आढळतात. चंद्रकोर, टिंब, तारा, एखादे अक्षर. नाण्याची पारख करणाऱ्यांना रोममध्ये नुम्मुलारियस म्हणत. त्यांनी तपासलेल्या नाण्यांच्या मोहोरबंद पिशव्यांना हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्ट्या बांधत, त्यांवर ‘स्पेक्टाविट’, म्हणजे ‘तपासले’, असे कोरलेले असे. त्या वर्षांत या तपासणीला किती महत्त्व होते, हे मारियस ग्रातिदियानस या रोमन अधिकाऱ्याच्या हकिकतीवरून कळते. नाण्यांचा भाव इतका डळमळीत झाला होता की आपल्याजवळ नेमके किती धन आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते, असे सिसेरो लिहितो. ग्रातिदियानसने त्यावर प्रेटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी, या नात्याने नाण्यांविषयी हुकूम काढला, तेव्हा लोकांनी वस्तीवस्तीत त्याचे पुतळे उभारले. डिनेरियस पारखण्याच्या कलेने सामान्य लोक इतके सुखावले, अशी नोंद प्लिनीने केली आहे. सुल्लाचा जय झाल्यावर ग्रातिदियानसला हाल करून मारण्यात आले, ते इ.स.पू. ८२ मध्येच. ज्या वर्षी माझे नाणे पाडले गेले त्याच वर्षी. ही गोष्ट मी पूर्वी वाचलेली होती, पण ते नाणे हातात धरून ती आठवली तेव्हा मी काही वेळ दिव्यापासून हललो नाही.

पहिला सी वजा केला की उरतात १२६. संध्याकाळी छापील छायाचित्रांमध्ये १२६ आकड्याचे एक नाणे सापडले. त्यावर घोड्याच्या शेपटीचे टोक आकड्यातील व्हीच्या खाली जवळजवळ टेकले आहे आणि मागच्या खुराजवळ ठशाला गेलेल्या बारीक तड्याची एक उठलेली रेघ आहे. माझ्या नाण्यावरही शेपूट तिथेच टेकते, आणि रेघही आहे, थोडी अधिक लांब. तडा वाढत जातो, त्यामुळे माझे नाणे त्या छायाचित्रातील नाण्यानंतर पाडलेले असणार.

चिठ्ठी लिहिणाऱ्याची चूक होतीच, पण ती अकरा वर्षे तशीच सांभाळण्याची जबाबदारी माझी आहे. मी नाण्याचे वजन करतो, छायाचित्र काढतो, इतरांशी ताडून पाहतो. आकडा मात्र दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेतला होता. त्या रात्री संग्रहातील आकडे असलेली सगळी नाणी तिरप्या प्रकाशात पुन्हा वाचून काढली. आणखी एक चूक सापडली, पण ती किरकोळ होती.

जर्मनीला उत्तर लिहिले की त्यांचे २२६ बरोबर आहे आणि माझे १२६ आहे, आणि सोबत चंद्रकोरीचे मोठे केलेले छायाचित्र जोडले. जुनी चिठ्ठी फेकली नाही. नव्या चिठ्ठीसह ती नाण्याच्या पाकिटात मागे ठेवली आहे. त्यांचे उत्तर सोमवारी आले. त्यांच्याकडील दुसऱ्या एका डिनेरियसवर तशीच चंद्रकोर आहे आणि तिच्याही डाव्या टोकाला बारीक खाच आहे. दोन्ही खुणा एकाच छिन्नीच्या आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी माझ्या खुणेचे अचूक माप मागितले आहे.